बादलीभर पाणी मुरलं म्हणून जमीन पास होत नाही

पत्र: नमस्कार. गावाकडच्या जागेत आम्ही छोटं घर बांधतोय. राहणारी माणसं पाच. गटाराची सोय नाही, म्हणून सेप्टिक टँक आणि त्याला जोडून शोषखड्डा असं ठरलंय. वरची माती काळी आहे, हात-दीड हाताखाली मुरूम लागतो. शोषखड्ड्याच्या जागेपासून बावीसेक मीटरवर, उताराच्या बाजूला शेजारच्या काकूंची विहीर आहे आणि त्यांचं घर तेच पाणी पितं. गवंडीमामा म्हणतात, "खड्डा पाणी लागेपर्यंत खोल घेऊ, म्हणजे कधीच तुंबणार नाही." मला धाकधूक वाटत होती, म्हणून भर उन्हाळ्यात फूटभर खड्डा करून बादलीभर पाणी ओतलं. वीस मिनिटांत सगळं मुरलं. घरचे म्हणाले, जमीन झकास आहे. मी उगाच घाबरतेय का? माती आणि भूजल तपासायचं तर नेमकं काय तपासायचं?

ताई, तुम्ही उगाच घाबरत नाही आहात. सगळ्यात आधी एक गोष्ट सांगते, बाकीचं पत्र सावकाश वाचलंत तरी चालेल. पाणी लागेपर्यंत खड्डा खणू देऊ नका. तसा खड्डा तुंबणार नाही हे गवंडीमामांचं म्हणणं खरं आहे, पण तो तुंबणार नाही याचं कारण हेच की त्यातलं मैलापाणी थेट भूजलात मिसळेल. म्हणजे काकूंच्या विहिरीत आपणच नळी सोडल्यासारखं होईल.

सेप्टिक टँकबद्दल एक गैरसमज फार खोल रुजलेला आहे. टाकीत घाण "कुजून स्वच्छ" होते आणि बाहेर पडणारं पाणी फक्त जिरवायचं उरतं, असं बहुतेकांना वाटतं. टाकीचं काम त्याहून बरंच कमी आहे. जड गाळ तळाशी बसतो, तेल-तूप-साबणाची साय वर तरंगते आणि मधलं पाणी पुढे जातं. हवेशिवाय जगणारे जिवाणू गाळाचा काही भाग पचवतात. पण बाहेर पडणाऱ्या पाण्यात सेंद्रिय घाणीचा निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त वाटा शिल्लक असतो, आणि त्याच्या प्रत्येक १०० मिलिलिटरमध्ये विष्ठेतले लाखो जिवाणू असतात. विषाणू आणि जंतांची अंडी वेगळीच. खरं शुद्धीकरण त्यापुढे, मातीत होतं. मातीच्या कणांभोवती पाण्याचा पातळ थर आणि कणांच्या मध्ये हवा, अशी स्थिती असेल तर पाणी हळूहळू, वळणं घेत खाली उतरतं. जिवाणू गाळले जातात, विषाणू चिकणमातीच्या कणांना चिकटतात, हवेवर जगणारे सूक्ष्मजीव उरलेली घाण खातात. हे सगळं व्हायला शोषखड्ड्याच्या किंवा पाणी मुरवायला खणलेल्या उथळ, लांबट चराच्या तळापासून भूजलाच्या सर्वात वरच्या पातळीपर्यंत, किंवा कातळापर्यंत, साधारण ६० ते १२० सेंटिमीटर तरी हवा खेळणारी, न भिजलेली माती लागते. माती पाण्याने गच्च भरली की हवा संपते, पाणी मोठ्या पोकळ्यांतून वेगाने पळतं आणि हे काम जवळजवळ थांबतं. तुम्हाला जी तपासणी करायची आहे ती या ६० ते १२० सेंटिमीटरची आहे, आणि तीही वर्षातल्या सर्वात ओल्या आठवड्यातली.

म्हणूनच तुमच्या बादलीने तुम्हाला चकवलं. काळी चिकणमाती सुकली की आक्रसते आणि तिला भेगा पडतात, कधीकधी कोपरापर्यंत हात जाईल इतक्या खोल. उन्हाळ्यात ओतलेलं पाणी मातीत मुरलं नाही, ते भेगांमधून निघून गेलं. हीच माती पावसाळ्यात फुगते, भेगा मिटतात, आणि मग त्याच खड्ड्यात तेवढंच पाणी दिवसभर साचून राहू शकतं. तुम्ही जमिनीला प्रश्न विचारलात हे फार चांगलं केलंत, फक्त तो चुकीच्या ऋतूत आणि एकदाच विचारला.

आता काय करायचं ते सांगते. सुरुवात पाण्याने करू नका, बघण्याने करा. जिथे पाणी जिरवायचं आहे त्याच्या शेजारी एक परीक्षण खड्डा घ्या, साधारण दोन मीटर खोल. शेजारी म्हणतेय, नेमका त्या जागेत नाही. खणून भरलेला खड्डा पुढे पाण्याला सोपी वाट होतो आणि तुमच्या चरातलं पाणी तिथूनच खाली पळेल. एक विनंती मनापासून आहे: १.२ मीटरपेक्षा खोल, आधार न दिलेल्या खड्ड्यात कुणालाही उतरू देऊ नका. एक घनमीटर मातीचं वजन दीड टनाच्या घरात असतं आणि कड ढासळायला क्षणही लागत नाही. खड्ड्याची एक बाजू पायऱ्यापायऱ्यांनी उतरती ठेवा, किंवा यंत्राने खणत असाल तर प्रत्येक थराची माती वेगवेगळ्या ढिगात ठेवायला सांगा आणि वरूनच पाहा.

कडेवर सुरीने हलकं खरवडून ताजा पृष्ठभाग उघडा. थर कुठे बदलतो ते मोजा. मुळं किती खोल गेली आहेत ते पाहा. मुळं जिथे अचानक आडवी वळतात तिथे घट्ट थर किंवा पाणी असतं. मातीचे ढेकळं कसे फुटतात ते बघा. दाणेदार किंवा चौकोनी तुकडे पडत असतील तर पाण्याला वाटा आहेत. पत्र्यासारखे आडवे पापुद्रे सुटत असतील तर पाणी खाली न जाता बाजूला सरकेल. आणि सगळ्यात महत्त्वाचा पुरावा रंगाचा. पाण्यात बुडालेल्या मातीत हवा नसते, तेव्हा लोहाचं रूप बदलतं, ते विरघळून हलतं आणि मागे राखाडी, कधी निळसर छटा राहते. पाणी ओसरून हवा आली की तेच लोह ठिपक्या-ठिपक्यांनी गंजासारखं लाल-नारिंगी होऊन बसतं. राखाडी जमिनीवर गंजाचे डाग जिथून सुरू होतात, तिथपर्यंत दरवर्षी काही काळ पाणी चढत असणार. खड्डा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत असला तरी हा पुरावा पुसला जात नाही. म्हणून मी तर म्हणेन, मोजपट्टीच्या आधी डोळे.

तुमच्या बाबतीत मात्र एक अडचण आहे. काळ्या मातीच्या गडद रंगात हे डाग लपतात. तिथे ते दिसले नाहीत म्हणून पाणी चढत नाही असं धरू नका. खालच्या मुरमात, जिथे रंग फिका होतो, तिथे बारकाईने पाहा. आणि या एका कारणासाठी तुमच्या जागेला निरीक्षण पाइप लागेलच, त्याबद्दल पुढे सांगते.

पोत ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. मूठभर माती घ्या, खडे काढा, थेंबथेंब पाणी घालत कणकेसारखी मळा आणि अंगठा व बोटामध्ये दाबत तिची पट्टी बाहेर काढा. गोळाच होत नसेल तर वाळू. पट्टी २.५ सेंटिमीटरच्या आत तुटली तर पोयट्याची माती, २.५ ते ५ च्या दरम्यान तुटली तर चिकण पोयटा, आणि ५ सेंटिमीटरच्या पुढेही टिकली तर चिकणमाती. खात्री करायची असेल तर काचेच्या बरणीत माती आणि पाणी हलवून ठेवा. वाळू मिनिटभरात खाली बसते, गाळाचे मध्यम कण काही तासांत, आणि चिकण कण एक दिवस किंवा त्याहून जास्त वेळ पाणी गढूळ ठेवतात. थरांची जाडी मोजली की प्रमाण कळतं. प्रत्येक थराची माती वेगळी तपासा, काळीची एक, मुरमाची एक.

आता पाणी मुरण्याची चाचणी. तुम्ही बादलीने जे केलंत त्याचंच हे शिस्तीतलं रूप आहे. १९२० च्या दशकात अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात हेन्री रायन या अभियंत्याने मैलापाणी मुरवण्याच्या चालू आणि बंद पडलेल्या जागांशेजारी एक-एक फुटाचे खड्डे घेतले आणि पाणी एक इंच उतरायला किती मिनिटं लागतात ते मोजलं. पुढे जगभर ही पद्धत पसरली. चराचा तळ ज्या खोलीवर येणार त्याच खोलीवर, १० ते ३० सेंटिमीटर रुंदीचे, निदान तीन आणि जमल्यास सहा खड्डे घ्या. ते सगळ्या नियोजित जागेत विखुरलेले असावेत. कुदळ-फावड्याने कडा गुळगुळीत झालेल्या असतात, त्या सुरीने खरवडा आणि सुटी माती काढून टाका. तळाशी ५ सेंटिमीटर बारीक खडी घाला.

पुढचा टप्पा लोक गाळतात, आणि चाचणी तिथेच फसते. खड्डा आधी भिजवायचा असतो. खडीच्या वर ३० सेंटिमीटर पाणी निदान चार तास, शक्यतो रात्रभर टिकवून ठेवा, कमी होईल तसं भरत राहा. फुगणाऱ्या काळ्या मातीत मी एक रात्रही पुरेशी मानत नाही. शक्य असेल तर ही चाचणी पावसाळ्यातच, माती पूर्ण फुगलेली असताना करा. दुसऱ्या दिवशी खडीच्या वर १५ सेंटिमीटर पाणी घेऊन दर ३० मिनिटांनी किती उतरलं ते मोजा, पुन्हा भरा, असं चार तास. हिशेबात फक्त शेवटच्या ३० मिनिटांतली घट धरायची. वाळूत पाणी फार लवकर जात असेल तर दर १० मिनिटांनी, तासभर.

आकड्यांचा अर्थ असा. २.५ सेंटिमीटर उतरायला लागणारी मिनिटं काढा. ६० पेक्षा जास्त आली तर ही जमीन मुरवण्याच्या नेहमीच्या पद्धतींना लायक नाही. ३० पेक्षा जास्त आली तर शोषखड्डा नको, उथळ चर चालतील. आणि एक मिनिटापेक्षाही कमी आली तर आनंद मानू नका. तिथे पाणी इतक्या वेगाने जातंय की मातीला काम करायला वेळच मिळत नाही. लोक हळू मुरणाऱ्या जमिनीला घाबरतात, पण शेजारच्या विहिरीसाठी जास्त धोकादायक जमीन ही अतिवेगाने मुरवणारी असते. हळू जमीन तुमच्या अंगणात वास आणि चिखल करून तुम्हाला सांगते. वेगवान जमीन काहीच सांगत नाही.

समजा, तुमच्या शेवटच्या अर्ध्या तासात पाणी २ सेंटिमीटर उतरलं. म्हणजे २.५ सेंटिमीटरला ३७.५ मिनिटं. जुना, वापरात असलेला हिशेब असा की २०४ ला या मिनिटांच्या वर्गमुळाने भागलं की दर चौरस मीटरवर दिवसाला किती लिटर पाणी सोडता येईल ते मिळतं. ३७.५ चं वर्गमूळ ६.१, म्हणजे साधारण ३३ लिटर. पाच माणसांचं, माणशी १०० लिटर धरलं तर रोजचं पाणी ५०० लिटर. त्याला १५ चौरस मीटर तळ लागेल. चर ६० सेंटिमीटर रुंद असेल तर एकूण लांबी २५ मीटर, म्हणजे साडेबारा मीटरचे दोन चर. तेवढीच जागा राखीव ठेवावी लागते, कारण आज ना उद्या पहिली जागा थकते. आता हा आकडा घेऊन तुमच्या जागेचा नकाशा काढा. घर कुठे बसवायचं याचा निर्णय बऱ्याचदा इथून उलटा सुरू व्हायला हवा.

या चाचणीवर आंधळा विश्वास मात्र टाकू नका. आपण स्वच्छ पाण्याने मोजतो, आणि चरात जाणार मैलापाणी. काही महिन्यांत चराच्या तळाशी जिवाणूंचा काळा, बुळबुळीत थर जमतो आणि मुरण्याचा वेग कितीतरी घटतो. शिवाय लहान खड्ड्यात बरंचसं पाणी बाजूंनी जातं. म्हणून वरच्या हिशेबाने आलेलं क्षेत्रफळ हे किमान समजा, आणि मातीचा पोत-रचना काही वेगळं सांगत असेल तर मातीचं ऐका. सहा खड्ड्यांतला एक फारच हळू असेल, तर सरासरीत त्याला बुडवू नका. त्या बाजूला जमीन का वेगळी आहे ते शोधा.

आता भूजल, म्हणजे काकूंच्या विहिरीचा प्रश्न. ऑगर म्हणतात ते मातीचं गिरमीट हाताने फिरवून अडीच-तीन मीटर खोल भोक घ्या. त्यात पाच-सात सेंटिमीटर जाडीचा पाइप उभा करा, खालच्या भागाला बारीक छिद्रं पाडून. भोवती बारीक खडी, आणि वरच्या अर्ध्या मीटरला घट्ट चिकणमाती ठासा, नाहीतर पावसाचं पाणी पाइपाशेजारून खाली उतरेल आणि आकडा खोटा येईल. वर झाकण. पाऊस सुरू झाल्यापासून थांबून महिनाभर होईपर्यंत आठवड्यातून एकदा, आणि मुसळधार पावसानंतर दुसऱ्या दिवशी, पाण्याची खोली मोजा. पट्टीच्या टोकाला खडू घासून सोडलंत की ओली खूण नेमकी दिसते. वहीत तारीख आणि खोली लिहा. त्या संपूर्ण वहीतला एकच आकडा कामाचा असतो, जमिनीपासून सर्वात कमी खोलीचा. सरासरी पातळी चांगली असूनही वर्षातले तीन आठवडे चर पाण्यात बुडत असतील, तर त्या तीन आठवड्यांत काकू तेच पाणी पितात.

असे तीन पाइप, एका रेषेत नसलेले, त्रिकोणाच्या कोपऱ्यांवर रोवलेत तर भूजल कोणत्या दिशेला वाहतं तेही कळतं. गवंडीमामांकडे पाणी भरलेली पारदर्शक लेव्हल नळी असेलच. तिने तिन्ही पाइपांची तोंडं एकाच खुणेशी जुळवून उंची काढा, त्यातून तोंडापासून पाण्यापर्यंतची खोली वजा करा. तीन उंच्या मिळतील. सर्वात उंच आणि सर्वात खालच्या पाइपाला जोडणाऱ्या रेषेवर मधल्या पाइपाइतकी उंची कुठे येते तो बिंदू काढा आणि तो मधल्या पाइपाशी जोडा. या रेषेवर सगळीकडे पाणी सारख्या उंचीला आहे. तिला काटकोनात, खालच्या बाजूला, भूजल जातंय. ते बहुधा जमिनीच्या उताराबरोबरच जातं, पण नेहमी नाही. आणि काकूंच्या विहिरीवर पंप चालत असेल तर विहीर आपल्याभोवतीचं पाणी स्वतःकडे ओढते, हे लक्षात ठेवा.

बावीस मीटर पुरे आहेत का? नियमांमध्ये १५ मीटर, ३० मीटर असे आकडे असतात. तुमच्या भागात जो लागू असेल तो पाळायलाच हवा. पण अंतराच्या मागचा विचार वेळेचा आहे. जर्मनीत विहिरींच्या संरक्षणासाठी ५० दिवसांची हद्द धरतात, म्हणजे घाण भूजलात उतरल्यापासून विहिरीपर्यंत यायला निदान ५० दिवस लागावेत, तोवर बहुतेक रोगजंतू मरतात. हेन्री दार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ मध्ये पाणी वाळूतून कसं वाहतं याचा जो नियम मांडला, त्याने हिशेब करता येतो. दिवसाला १० मीटर वाहू देणारी वाळू, शंभरात एक उतार, आणि पाव हिस्सा पोकळी, एवढं धरलं तर १० ला उताराने (०.०१) गुणून पोकळीने (०.२५) भागायचं, म्हणजे पाणी दिवसाला ०.४ मीटर सरकतं. ५० दिवसांत २० मीटर. वाळूत तुमचे बावीस मीटर जेमतेम बसतात. चिकणमातीत ते भरपूर ठरतील. पण तुमच्याकडे खाली मुरूम आहे, आणि मुरमाखाली बहुधा भेगाळलेला खडक असणार. भेगांमध्ये हा हिशेब कोलमडतो, तिथे पाणी दिवसाला कित्येक मीटर पळू शकतं.

हे कागदी भय नाही. २००४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ईरी सरोवरातल्या साउथ बास बेटावर साधारण १,४५० माणसं पोटाच्या विकाराने आजारी पडली. बेट चुनखडीच्या जातीच्या भेगाळ खडकाचं, वर माती पातळ, आणि मैलापाणी भूजलात पोचलेलं. २००७ मध्ये अमेरिकेतल्याच विस्कॉन्सिन राज्यात नुकत्याच सुरू झालेल्या एका उपाहारगृहात २२९ जण आजारी पडले. तिथली सेप्टिक यंत्रणा नवीन होती, नियमांप्रमाणे बांधलेली होती. तपासासाठी तिच्यात रंग सोडला, तर मुरवण्याच्या जागेतून तो १५ दिवसांत विहिरीत आला, आणि टाकीजवळच्या एका गळक्या जोडातून ६ दिवसांत. नियमातलं अंतर पाळलं होतं. खालच्या खडकाला ते माहीत नव्हतं. म्हणून परीक्षण खड्ड्यात मुरमाखाली खडक किती खोलीवर लागतो आणि त्याला भेगा आहेत का, हे मला बावीस या आकड्यापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

एक गोष्ट माती कितीही चांगली असली तरी अडवत नाही, ती म्हणजे नायट्रेट. मूत्रातला नत्र हवेशीर मातीत नायट्रेट बनतो आणि पाण्याबरोबर सरळ खाली जातो. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यासाठीची मर्यादा लिटरला ५० मिलिग्रॅम आहे. त्याहून जास्त नायट्रेट बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी करतं, आणि पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटून दाट होतं. एक घर असेल तर पावसाच्या पाण्यात ते विरतं. दहा घरं शेजारी-शेजारी आली की विरायला पाणी कमी पडतं. तुमच्या आसपास आणखी घरं होणार असतील तर हा विचार आजच करा.

समजा सगळं तपासून उत्तर "नाही" आलं, म्हणजे पाणी फार वर चढतं किंवा खडक फार जवळ आहे. तरी घर अडत नाही. जमिनीवर निवडक वाळूचा साठेक सेंटिमीटर उंच ओटा करून त्यात पाणी दाबाने, थोडं-थोडं सोडतात. १९७० च्या दशकात विस्कॉन्सिनमध्ये ही रचना नीट विकसित झाली. म्हणजे खाली जी जाडी कमी पडते ती वर उभी करायची. जागा पुरेशी असेल तर चर जागेच्या दुसऱ्या कोपऱ्यात, विहिरीच्या दिशेपासून दूर हलवता येतात. पाणीच न वापरणारं, खत करणारं शौचालय हाही खरा पर्याय आहे, त्याला कमीपणा मानू नका. आणि काहीच जमत नसेल तर बंद टाकी, जी वेळोवेळी उपसावी लागते. ती त्रासाची आहे, पण प्रामाणिक आहे.

बांधकामाच्या वेळची एक गोष्ट, कारण ती मी स्वतः भोगली आहे. आमच्या घरी सगळ्या चाचण्या उत्तम आल्या होत्या. चर खणायला यंत्र आलं ते पावसाच्या दुसऱ्या दिवशी, आणि आम्ही थांबलो नाही. ओल्या चिकणमातीवर यंत्राचं पातं फिरलं आणि चराच्या भिंती गिलावा केल्यासारख्या चकचकीत झाल्या. तिसऱ्या पावसाळ्यात शौचालयातलं पाणी उतरेना. उकरून पाहिलं तेव्हा तो लिंपलेला थर जसाच्या तसा होता. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते, खणायच्या खोलीवरची चिमूटभर माती तळहातावर वळा. तिची ३ मिलिमीटर जाडीची वळी होत असेल तर माती ओली आहे, त्या दिवशी खणू नका. भुगा होत असेल तर खणा. आणि आतापासूनच त्या जागेला दोरी बांधा. विटांची गाडी, खडीचे ढीग, मिक्सर, काहीही तिच्यावर नको. दाबलेली माती पुन्हा उकरली तरी तिच्या वाटा परत येत नाहीत.

तर ताई, माझा सल्ला असा की एक पावसाळा थांबा. पाया, भिंती, बाकीचं काम चालू राहू द्या, फक्त मुरवण्याची जागा पाइपातल्या आकड्यांनंतर ठरवा. गवंडीमामांना हे समजावताना त्यांच्या अनुभवाचा मान राखा. त्यांना तुंबलेले खड्डे दिसलेत, खराब झालेल्या विहिरी दिसल्या नाहीत, कारण विहिरीचं पाणी खराब झालं तरी दिसायला स्वच्छच असतं. परीक्षण खड्डा खणताना त्यांना बरोबर उभं करा. गंजाचे डाग एकदा दाखवलेत की ते पुढच्या दहा घरी स्वतःहून शोधतील.

आणि पहिलं काम या आठवड्यातच करा, त्याला पावसाची वाट बघायची गरज नाही. काकूंना विश्वासात घ्या आणि त्यांच्या विहिरीच्या पाण्याचा नमुना आत्ता, तुमच्या बांधकामाचा एक थेंबही जमिनीत जाण्याआधी घ्या. प्रयोगशाळेतून निर्जंतुक बाटली आणा, आत बोट लावू नका, भरून थंड ठेवा आणि त्याच दिवशी पोचवा. ई. कोलाय (विष्ठेतला जिवाणू), नायट्रेट आणि क्लोराइड या तीन गोष्टी मागा. १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय एकही नसावा. दुसरा नमुना पहिल्या मोठ्या पावसानंतर, आणि मग घर वापरात आल्यावर दरवर्षी त्याच वेळी. क्लोराइड आणि नायट्रेट बरोबरीने चढू लागले तर मैलापाणी किंवा शेतातलं खत त्या दिशेने येतंय, हे कुणी आजारी पडण्याच्या आधी कळेल. अहवालाची एक प्रत काकूंकडे द्या, एक तुमच्या त्या पाइपाच्या वहीत चिकटवा.